दाढ कुठल्या गावची

कोकरू कुठल्या कुरणात चरलं हे त्याच्या दातावरून सांगणारं यंत्र माझ्या नवऱ्याने, रणजितरावांनी बनवलं, तेव्हा त्यात कुणाचं काही वाईट होणार नव्हतं. झालंच तर खाटकांचं झालं असतं. लिंकनशायरचं कोकरू म्हणून कुठलंही मटण चढ्या भावाने विकणारे आमच्या ऑल्डरबी गावात बरेच होते. रणजितरावांच्या प्रयोगशाळेत त्यांचीच मापं काढायची असं ठरलं होतं.

शास्त्र सोपं आहे. ताटातलं हाड हातात घेऊन रणजितराव ते येईल त्या पाहुण्याला समजावून सांगायचे, त्यामुळे मला तोंडपाठ झालंय. दातात कॅल्शियम असतं. स्ट्रॉन्शियम हे त्याचं चुलत भावंड. शरीराला दोघांतला फरक फारसा कळत नाही, म्हणून दात घडताना तेही थोडं आत शिरतं. ते खडकातून मातीत येतं, मातीतून पिकात आणि पाण्यात, आणि तिथून पोटात. आता प्रत्येक खडकातल्या स्ट्रॉन्शियममध्ये जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण वेगवेगळं. लिंकनशायरच्या पांढऱ्या खडूचं एक, स्कॉटलंडच्या जुन्या ग्रॅनाइटचं दुसरं. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हा होऊन पृथ्वीच्या पोटातून वर आला, त्याचं आणखी निराळं. हाडं आयुष्यभर झिजतात आणि भरतात, पण दातावरचं कवच एकदा लहानपणी घडलं की बदलत नाही. तुम्ही बाळपणी जे खाल्लं-प्यायलं, त्या जमिनीची खूण मरेपर्यंत तोंडात राहते.

पूर्वी यासाठी दात उपटून त्याची पूड करावी लागे. रणजितरावांनी एक पेन केलं. ते दातावर टेकवलं की लेझरने डोळ्यांना दिसणारही नाही इतकी धूळ उडते, पेन ती हुंगतं आणि पडद्यावरच्या नकाशात एक ठिपका पेटतो. फलटणच्या मुधोजी पेठेतला मुलगा इंग्लंडमध्ये येऊन असं काही करतो याचं मला फार कौतुक होतं. अजूनही आहे, हीच तर पंचाईत आहे.

मग होमग्रोन पक्ष आला. आधी आमच्या काउन्सिलवर, दोन वर्षांत लंडनला. इंग्लंड इंग्लिश माणसांचं, हे बोलणं आम्हाला नवीन नव्हतं. पण ह्या लोकांनी ते फार सभ्यपणे मांडलं. आम्ही रंग बघत नाही, ते म्हणाले, धर्म बघत नाही, आडनाव बघत नाही. जो या मातीवर वाढला तो आमचा. आणि तो कोण, हे कागदावरून ठरवायचं नाही, कारण कागद खोटे करता येतात. दात खोटा करता येत नाही. मटणासाठी केलेलं यंत्र त्यांनी असं माणसांना लावलं. नियम झाला, पहिली कायमची दाढ बघायची. ती हिरडीच्या आत जन्मापासून तीन वर्षांपर्यंत घडत असते. खूण इथली निघाली तर 'ग्रोन' कार्ड मिळणार. नाही निघाली तर राहा बापडे, पण शाळा, पोलीस, अग्निशमन दल, काउन्सिल इथल्या नोकऱ्या तुम्हाला बंद. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा सगळा मामला.

तुम्हाला वाटेल आमच्यासारख्यांनी याला विरोध केला असेल. नाही केला. आम्हा दोघांना ते कार्ड मिळणारच नव्हतं, पण आमची ओवी इथल्या हॉस्पिटलात जन्मलेली. शाळेत पहिल्या दिवसापासून तिला "तू मूळची कुठली" हा प्रश्न विचारला गेला होता. रणजितराव मला म्हणाले, की या देशात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या कातडीकडे न बघता तिला आपली म्हणायला तयार आहे. शिवाय नवे लोक रांग मोडून घुसतात, आम्ही कसे फी भरून, परीक्षा देऊन आलो, हे पालुपदही होतंच. गाडीत जागा मिळाली की दार लावून घ्यायची घाई सगळ्यात जास्त उशिरा चढलेल्याला असते.

पक्षाचे स्थानिक अध्यक्ष ग्रॅहम पिकरिंग बटाट्याचे मोठे शेतकरी होते. दर नाताळला आमच्या दारात बटाट्यांचं पोतं ठेवून जायचे. रणजितरावांना ते 'रॉन' म्हणत. माणूस खरंच गोड होता.

आता डालियाबद्दल सांगते. डालिया लिथुआनियाहून कोबीच्या शेतात कामाला आलेली. ओवी आणि तिचा तोमास एकाच आठवड्यात, एकाच वॉर्डात जन्मले. आमच्या खाटा शेजारी होत्या. तिला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, म्हणून नर्स तिच्याशी मोठ्याने आणि हळूहळू बोलायची, बहिऱ्याशी बोलावं तशी. कळा सुरू झाल्यावर तिने माझा हात धरला तो इतका घट्ट की माझ्या बांगडीचा वळ उठला. पुढे तिची गल्ली आणि आमची गल्ली एकच झाली आणि मी तिची 'वैजू' झाले. तिला वैजयंती म्हणता येत नव्हतं.

तोमास अग्निशमन दलात लागला होता. नवा कायदा आल्यावर त्याची दाढ तपासली गेली आणि ठिपका बाल्टिक समुद्राच्या काठावर पेटला. त्याची नोकरी गेली. डालिया जन्माचा दाखला घेऊन आमच्याकडे आली. रणजितरावांनी तिला चहा दिला आणि दात खोटं बोलत नाही असं सांगितलं. म्हणजे तूच बोलत्येस, हे तिचं तिने समजून घ्यायचं होतं. गावात बोलणं सुरू झालं, की पोरगं तिकडेच जन्मलं असेल, वाढवून मग आणलं असेल, दाखला कुणा दुसऱ्याच बाळाचा असेल. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. बेकरीतली बाई तिला आधीसारखी हाक मारेनाशी झाली.

आणि मी? हातच्या काकणाला आरसा कशाला लागतो? मी तोमासला जन्मल्या दिवशी दुपट्यात बघितलं होतं. तरीसुद्धा नकाशावरचा तो ठिपका बघून मला वाटून गेलं, कोण जाणे बाई, नंतर काही वर्षं नेलंही असेल तिकडे. ओवीबरोबर तो आमच्याच चटईवर रांगायला शिकला होता. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा नवऱ्याच्या यंत्रावर मी जास्त विश्वास ठेवला.

ओवीला गावातल्याच प्राथमिक शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली. कार्ड तेवढं हवं होतं. ग्रॅहमसाहेबांनी सुचवलं, की टाउन हॉलमध्ये सगळ्यांसमोर तपासणी करू, यंत्र बनवणाऱ्या बापानेच लेकीची दाढ बघावी, म्हणजे आम्हाला वंशवादी म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील. रणजितरावांना ही कल्पना फारच आवडली. ओवीला तमाशा वाटला, पण नोकरीसाठी तिने मान डोलावली.

त्याआधीच्या रविवारी, सकाळच्या पोह्यांनंतर, रणजितरावांनी सहज रंगीत तालीम म्हणून तिच्या दाढेवर पेन टेकवलं. लॅपटॉप त्यांच्याकडे वळलेला होता. मला त्यांचा चेहरा दिसत होता, आणि तो उतरताना मी पाहिला. बॅटरी गेली वाटतं, असं ते ओवीला म्हणाले. ती हसली आणि पळायला निघून गेली.

दार लागल्यावर त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. ठिपका सह्याद्रीवर पेटला होता.

त्यांनी पेन पुसलं, स्वतःच्या दाढेवर लावून पाहिलं, माझ्या दाढेवर लावलं. पेन अगदी चोख चाललं होतं. मग ते मला विचारू लागले, की मी तिला कधी एकटीला आईकडे ठेवलं होतं का, माझ्या लक्षात नाही असं काही झालं होतं का. तोमासबद्दल गाव जे बोलत होतं तेच माझा नवरा स्वतःच्या मुलीबद्दल मला विचारत होता. तेवढ्यात ओट्यावरच्या फळीकडे माझं लक्ष गेलं. तिथे एक जुना स्टीलचा डबा आहे. आता त्यात मी लवंगा ठेवते.

"नाचणीचं सत्त्व," मी म्हणाले.

ओवीला गायीचं दूध सोसत नव्हतं. दुकानातल्या डब्यांनी तिच्या अंगावर पुरळ उठायचं. तेव्हा सह्याद्रीतल्या मेढ्याहून, माझ्या माहेराहून, माझी आई सत्त्व करून पाठवायची. आमच्याच डोंगरउतारावरची नाचणी भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची आणि खाली बसलेला साका ताटात वाळवायचा. जो कोणी विमानाने येणार असेल त्याच्या गळ्यात एक डबा. ते सत्त्व मी पाण्यात शिजवायचे, आणि पाणीही फिल्टरचं, कारण इथल्या नळाच्या पाण्याने किटलीत पांढरा थर बसतो. म्हणजे इथला खडू मी मोठ्या काळजीने गाळून बाहेर टाकत होते आणि मेढ्याचा कातळ चमच्या-चमच्याने आत घालत होते. नाचणीइतकं कॅल्शियम दुसऱ्या कुठल्या धान्यात नाही, हे आईचं आवडतं वाक्य होतं.

"इथल्या दुकानांत काय बाळांचं खाणं मिळत नव्हतं?" रणजितराव म्हणाले.

"आईला फोन तुम्हीच केला होतात. डबे पाठवा म्हणून."

ते खाली बसले. मग शास्त्रज्ञ जागा झाला आणि त्यांनी स्वतःच पुढचं सांगितलं. आईच्या दुधातलं कॅल्शियमही थोडं आईच्या हाडांतून येतं. नुकत्याच आलेल्या बाईची हाडं तिच्या गावची असतात. यंत्राला जन्मगाव कळतच नाही, फक्त पोटात काय गेलं ते कळतं. हे त्यांना आज कळलं नव्हतं. त्यांच्या पहिल्या अहवालात असं एक वाक्य होतं, सरकारने ते गाळलं, आणि ते गाळल्याचं पाहून हे गप्प बसले होते. कोकरांना कुठे कुणाची आजी डबे पाठवते, असं तेव्हा त्यांना वाटलं असावं.

मला त्याच क्षणी डालियाच्या स्वयंपाकघरातली कुट्टूची, म्हणजे तिकडच्या बकव्हीटची, खीर आठवली. तिची आई पोत्याने कुट्टू पाठवायची आणि तोमासला ती तिन्ही वेळा तेच भरवायची. मी स्वतः ती चाखली होती. मी नवऱ्याला म्हणाले, की आता डालियाला सांगायला हवं, सगळ्यांनाच सांगायला हवं.

त्यांनी लॅपटॉप मिटला. मग त्यांनी हिशेब मांडला. सांगितलं तर यंत्रावरचा विश्वास उडेल, प्रयोगशाळेत शंभर माणसं आहेत, ग्रॅहमसाहेब तोंड फिरवतील, आणि ओवीला तर कार्ड मिळणारच नाही, कारण कायदा कारणं ऐकत नाही. पण एक वाट आहे. दुसरी दाढ तीन वर्षांनंतर घडते. तेव्हा ओवी शाळेत जेवत होती, नळाचं पाणी पीत होती. सगळ्यांसमोर पेन दुसऱ्या दाढेवर टेकवलं तर कुणाला कळणार आहे?

"आणि तोमास?"

"त्याचं बघू नंतर," ते म्हणाले.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरली होती. त्या सकाळी मी पोह्यांच्या बशा उचलल्या, धुतल्या आणि काही बोलले नाही. मला ओवीचं शाळेतलं टेबल दिसत होतं, तिने आणून ठेवलेले रंगीत खडू दिसत होते. लाज वाटत होती आणि तरी मी गप्प बसू शकत होते, हे मला नवीनच कळलं.

मंगळवारी डालिया माझ्या औषधांच्या दुकानात आली. ओवीच्या नोकरीसाठी तिने मधाचा केक केला होता. पैसे देता देता तिने विचारलं, "वैजू, दात कधी चुकू शकतो का गं?" तोमास आता जर्मनीत काम शोधतोय, असं म्हणाली. लिथुआनियन त्याला धड बोलता येत नाही, मग तिकडे जाऊन तरी काय करणार. मी म्हटलं, यातलं मला काय कळतं, त्यांना विचारायला हवं. केक मी घेतला. घरी नेला. आम्ही तो खाल्लाही.

शनिवारी दुपारी टाउन हॉल भरला होता. पांढऱ्यावर लाल क्रॉसचे झेंडे, चहा, स्कोन, जॅम. रणजितरावांनी आधी मेंढीचा जबडा तपासून दाखवला. ती शेजारच्याच परगण्यातली निघाली तेव्हा मोठा हशा पिकला. मग ओवी खुर्चीत बसली आणि तिने तोंड उघडलं. पेन आत गेलं, जरा जास्तच आत गेलं. मागच्या भिंतीवरच्या नकाशात ठिपका फिरला आणि लिंकनशायरवर स्थिर झाला.

टाळ्यांनी हॉल दणाणला. त्या खोट्या टाळ्या नव्हत्या. म्हाताऱ्या बायांच्या डोळ्यांत पाणी होतं. ग्रॅहमसाहेबांनी ओवीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ही बघा आपली पोरगी." हे वाक्य ऐकायला रणजितराव बावीस वर्षं थांबले होते. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर डालिया उभी राहिली. ती माझ्या मागच्याच रांगेत होती. तोमास दाराशी उभा होता.

"डॉक्टर भोईटे, माझ्या मुलाची तपासणी झाली तेव्हा मी शेजारी होते," ती म्हणाली. "पेन पुढच्या दाढेवर ठेवलं होतं. तुमच्या मुलीच्या मागच्या दाढेवर ठेवलंत. त्याचीही मागची बघाल का?"

रणजितराव म्हणाले, की नियम पहिल्या दाढेचा आहे. म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांना कळलं. ग्रॅहमसाहेबांनी हसून सांगितलं, की वैयक्तिक प्रकरणांसाठी आजची सभा नाही.

ओवी बापाकडे बघत होती. माइक तिच्या गळ्याशी तसाच लावलेला होता. ती मराठीत म्हणाली, "बाबा, पुढच्या दाढेवर काय येतं?"

ऑल्डरबीच्या टाउन हॉलमध्ये मराठी शब्द पहिल्यांदाच घुमले असतील. लोक कौतुकाने हसले. रणजितराव हसले नाहीत. "घरी बोलू, बाळा," तेही मराठीतच म्हणाले.

त्या एवढ्यानेच तिला कळलं असावं. तिने त्यांच्या हातातून पेन घेतलं, त्यांनीही धरून ठेवलं नाही, आणि स्वतःच्या हाताने पुढच्या दाढेवर टेकवलं. ठिपका लिंकनशायरवरून सुटला, युरोप ओलांडून, समुद्र ओलांडून सह्याद्रीवर जाऊन थांबला.

कुणी ओरडलं नाही. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. ग्रॅहमसाहेबांनी तिच्या खांद्यावरचा हात हळूच काढून घेतला. मग ते वाकले आणि ओवीशी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत बोलू लागले, काळजी करू नकोस, कुणी तुला त्रास देणार नाही. या गावातच जन्मलेल्या, त्यांच्याच हेलात इंग्रजी बोलणाऱ्या माझ्या मुलीशी ते वॉर्डातल्या त्या नर्ससारखे बोलत होते. एका ठिपक्याने तिचं इंग्रजी काढून घेतलं होतं.

रणजितरावांना तेव्हा सगळं सांगता आलं असतं. ते पेनचं टोपण शोधू लागले. ओवीने गळ्याचा माइक काढून टेबलावर ठेवला, पायऱ्या उतरली आणि दाराशी तोमासच्या शेजारी जाऊन उभी राहिली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

लोक उठायला लागले. डालिया माझ्यासमोर आली. तिचा आवाज अगदी साधा होता, दुकानात असतो तसा.

"तू तिला लहानपणी काय भरवायचीस?"

मी सांगितलं. नाचणी म्हणजे काय तेही सांगितलं, आई ती कशी करायची तेही. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उजळत गेला. बावीस वर्षांपूर्वी बाळ दाखवताना उजळला होता तसा. "माझ्या आईचा कुट्टू," ती म्हणाली. "वैजू, तो कुट्टू आहे. मी खोटं बोलत नव्हते."

"माहीत आहे मला."

"आत्ता कळलं ना तुला?"

खोटं बोलायला अजून जागा होती. हो म्हटलं असतं तर तिने मला मिठी मारली असती, आणि आम्ही दोघी मिळून साऱ्या गावाशी भांडलोही असतो. पण ती माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होती की मला ते जमेना.

"रविवारी," मी म्हणाले.

तिने मनात वार मोजले. रविवारनंतर मंगळवार येतो. मंगळवारचा केक येतो, आणि तिचा प्रश्न येतो. ते सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलेलं मला दिसलं. तिने कोटाची बटणं लावली, अगदी वरपर्यंत.

"खरं सांगितल्याबद्दल आभारी आहे, मिसेस भोईटे," ती म्हणाली आणि दाराकडे गेली. तिथे तिची वाट बघत दोन मुलं उभी होती, त्यातली एक माझी होती.